दरफलक नसलेलं दुकान

साणंद, पीथमपूर, रुद्रपूर, श्रीपेरुंबुदूर. हौसेनं कुणी जावं अशी ही गावं नाहीत. मला माझं काम तिथं नेतं. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचं क्वालिटी ऑडिट मी करते. चिंचवडच्या घरातून पहाटे निघायचं, दिवसभर शॉप फ्लोअरवर उभं राहायचं, रात्री हायवेलगतच्या हॉटेलात रिपोर्ट लिहीत बसायचं आणि सकाळी पुन्हा सेफ्टी शूज चढवायचे. खोल्या सगळीकडे त्याच. टेबलावर किटली, कपाटात तिजोरी, जाड पडद्यापलीकडे ट्रकांचे दिवे. मुलीचं गॅदरिंग, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, गौरीजेवणाचा दिवस, असं बरंच काही मी या खोल्यांतून व्हिडिओ कॉलवर पाहिलं आहे.

पगाराखेरीज या रात्रींचा मोबदला म्हणून हाती येत गेले ते एका आंतरराष्ट्रीय हॉटेल-साखळीचे लॉयल्टी पॉइंट. बिल कंपनी भरते, पॉइंट राहणाऱ्याच्या नावावर जमा होतात. हिशेब साधा आहे. बहुतेक मोठ्या साखळ्या एका डॉलरमागे १० पॉइंट देतात. औद्योगिक गावातली साडेपाच हजार रुपयांची खोली म्हणजे साधारण ६५ डॉलर, म्हणजे रात्रीचे ६५० पॉइंट. वरच्या श्रेणीतल्या सभासदाला त्यावर थोडी भर मिळते. कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कनं एखाद्या बुकिंग साइटवरून खोली घेतली असेल, तर त्या रात्रीचं बहुधा काहीच मिळत नाही. आणि चांगल्या रिसॉर्टची एक रात्र ५० हजारांपासून लाखभर पॉइंटांपर्यंत जाते. समुद्राकाठी एक रात्र काढायची तर हायवेकाठी ७५ ते १५० रात्री काढाव्यात, असा हा सौदा. तो मला मान्य होता. फुकटात काही हवं होतं आणि मिळालं नाही, अशी ही तक्रार नव्हे. घरापासून दूर काढलेल्या रात्रींची ही कमाई आहे आणि ती खर्च करायला गेल्यावर काय होतं, ते मला सांगायचं आहे.

ते पॉइंट मला आईसाठी वापरायचे होते. आईचं माहेर गुहागरचं, समुद्र तिला नवा नाही. पण मालदीवमधली, पाण्यात खांबांवर उभी असलेली घरं तिनं टीव्हीवर पाहिली होती आणि तेव्हापासून भरतीचं पाणी त्या घरांच्या कुठवर येत असेल, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. मुंबईहून मालेला थेट विमान आहे, तीन तासांच्या आत पोचवतं. भारतीय पासपोर्ट असला की आधी व्हिसा काढावा लागत नाही. पॉइंटांच्या खोलीत दोन माणसं धरलेली असतात आणि आम्ही दोघीच जाणार होतो.

साखळीचं ॲप उघडलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च हे मालदीवचे कोरडे महिने. रोख पैसे मोजणाऱ्याला जवळजवळ रोज खोली होती. 'पॉइंट वापरा' या चौकटीवर बोट ठेवलं की सगळे महिने करडे पडायचे.

याचं कारण शोधताना मला पहिल्यांदा 'स्टँडर्ड' खोलीचा अर्थ कळला. साध्या दरातल्या पॉइंटांवर मिळते ती फक्त स्टँडर्ड खोली, आणि कोणत्या खोलीला स्टँडर्ड म्हणायचं ते हॉटेल ठरवतं. आम्ही निवडलेल्या बेटावर वाळूतला व्हिला स्टँडर्ड होता. तसाच व्हिला मावळतीकडे तोंड करून असला, की त्याचं नाव बदलायचं आणि तो वेगळा प्रकार व्हायचा. पहिला प्रकार शिल्लक नाही. दुसरा रोखीनं हवा तेवढा. तोच दुसरा प्रकार पॉइंटांवर मागितला, तर एका रात्रीला जो आकडा दिसे तो माझ्या काही वर्षांच्या कमाईएवढा होता.

कॉल सेंटरला फोन केला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, त्या तारखांच्या स्टँडर्ड खोल्या संपल्यात."

"एकूण किती होत्या?"

"ते आम्हाला दिसत नाही, मॅडम."

तिच्यावर रागवण्यात अर्थ नव्हता. तिला खरंच दिसत नसणार.

मग रोज झोपण्याआधी कॅलेंडर पाहणं सुरू झालं. एका रात्री सप्टेंबरातले काही दिवस मोकळे दिसले, दर रात्रीला ६० हजार पॉइंट. किमान पाच रात्री राहण्याची अट होती. तीही चालण्यासारखी होती, कारण काही साखळ्यांत चार रात्रींचे पॉइंट दिले की पाचवी तशीच मिळते आणि माझ्या साखळीत ती सोय होती. पण रजा मंजूर करून घ्यायला, आईच्या डॉक्टरांना विचारायला वेळ लागला. मंजुरी आली त्या दिवशी त्याच खोलीचा, त्याच तारखांचा दर ७६ हजार झाला होता. मधल्या काळात माझ्या खात्यातला एक पॉइंटही कमी झाला नव्हता, तरी तेवढ्या पॉइंटांत मिळणाऱ्या रात्री कमी झाल्या होत्या. पगार तोच आणि महागाई वाढलेली, हे आपल्याला माहीत आहे. पण इथं नाणं पाडणाराही तोच आणि भाव वाढवणाराही तोच.

हे असं पूर्वीपासून नव्हतं. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ मध्ये नियमित प्रवाशांसाठी मैल जमा करण्याची योजना आणली आणि १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी हॉटेलांसाठी तशाच योजना सुरू केल्या. पुढं १९९९ मध्ये स्टारवुडनं एक मोठं वचन दिलं: गर्दीचा मोसम म्हणून सभासदाला दार बंद करायचं नाही, स्टँडर्ड खोली रिकामी असेल तर ती पॉइंटांवर मिळालीच पाहिजे. तेव्हा दरांचा तक्ता छापलेला असे. हॉटेलांचे वर्ग पाडलेले, प्रत्येक वर्गापुढं पॉइंटांचा आकडा. माणूस आज ठरवू शकत असे, की अमुक इतके साठले की अमुक ठिकाणी जायचं. हिल्टननं असा तक्ता २०१७ मध्ये काढून टाकला. मॅरियटनं २०१६ मध्ये स्टारवुड विकत घेतली, दोन्हींच्या योजना एकत्र केल्या आणि २०२२ मध्ये आपलाही तक्ता बंद केला. आता रोख दराप्रमाणे पॉइंटांचा दरही हलतो. हयातनं मात्र त्यानंतरही वर्ग आणि तक्ता ठेवला. गर्दीच्या दिवसांना त्यांनी जास्त आकडा लावला, पण तो आकडा आधी वाचता येत होता. माझ्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे. महाग असणं मी समजू शकते. किती महाग, हे न सांगता वर्षानुवर्षं साठवायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

७६ हजारांनी आम्ही सप्टेंबर घेतला. पॉइंट त्याच क्षणी वजा झाले.

नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात येण्याआधी मालदीववरून जातो आणि सप्टेंबरात तिथं अजून त्याचाच अंमल असतो. आमचं विमान दुपार कलताना उतरलं. धावपट्टी हुळुले नावाच्या बेटावर, दोन्ही बाजूंना समुद्र. पण त्या दिवशी पुढं जाता येणार नव्हतं. लांबच्या बेटांवर सीप्लेननं जावं लागतं आणि सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. दुपारनंतर उतरणाऱ्याला एक रात्र मालेच्या आसपास काढावी लागते. पॉइंटांच्या आरक्षणात या रात्रीचा कुठं उल्लेखही नसतो.

ती रात्र आम्ही हुळुमालेत काढली. समुद्रात भर घालून उभं केलेलं हे शहर. सरळ रस्ते, स्कूटर, वाणसामानाची दुकानं, संध्याकाळी किनाऱ्यावर फुटबॉल खेळणारी मुलं. मालदीवमध्ये स्थानिक लोकवस्तीच्या बेटांवर पाहुण्यांसाठी घरगुती गेस्टहाऊस चालवायची मोकळीक मिळाली त्याला आता दीड दशक होऊन गेलं आहे आणि त्यामुळे मध्यमवर्गीय माणसाला हा देश परवडू लागला. आमच्या गेस्टहाऊसच्या काउंटरवर प्लॅस्टिकच्या आवरणात घातलेला एक कागद होता: खोली इतकी, नाश्ता इतका, विमानतळावर सोडायचे इतके, कर इतका. सकाळी 'मास हुनी' आली. टूना, म्हणजे आपला कुपा, ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू कालवून केलेली, सोबत रोशी. आईनं रोशी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "पोळीच आहे ही. जरा जाड लाटलीये." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि खोबरं खवायच्या दातऱ्या कशा आहेत ते पाहून आली. गेस्टहाऊसच्या बाईंना मराठी येत नव्हती, आईला धिवेही येत नव्हती. दोघी बराच वेळ बोलत होत्या.

सीप्लेनच्या काउंटरवर आमच्या नावापुढं आकडा होता: माणशी साडेपाचशे डॉलर, जाऊन-येऊन. दोघींचे मिळून लाखाच्या जवळपास रुपये. आरक्षण पक्कं झाल्यानंतर आलेल्या मेलमध्ये खाली कुठंतरी हे होतं, पॉइंट वजा होण्यापूर्वीच्या पानावर नव्हतं. आमच्या बेटासाठी होडीचा मार्ग नव्हता आणि सीप्लेन पॉइंटांवर मिळत नाही.

आईनं विचारलं, "अगं, खोली तुझ्या पॉइंटांची ना? मग हे कसले पैसे?"

तिला उत्तर देताना मला खरोखर वाईट वाटलं. ही सहल तिला द्यायची म्हणून वर्षानुवर्षं साठवलं होतं, आणि पहिल्याच सकाळी ती स्वतःच्या पर्समधल्या नोटा मोजायला लागली.

विमान मात्र मी विसरणार नाही. १५-१६ माणसांचं ट्विन ऑटर, चाकांऐवजी दोन तरंगते खांब, वैमानिक अनवाणी. पंख्यांचा आवाज इतका की कानात घालायला बोळे देतात. पाण्यावरून धाव घेताना खिडक्यांवर फवारा येतो आणि मग एकदम शांत, निळं काहीतरी खाली पसरतं. या देशात सुमारे १,१९० बेटं आहेत, त्यांतल्या जेमतेम २०० बेटांवर वस्ती. वरून कळतं की बेट हा फक्त कोरडा तुकडा आहे. खरा आकार त्याभोवतीच्या प्रवाळाच्या कड्याचा, जो पाण्याखाली मैलोन् मैल गोल फिरून येतो. एका कड्याच्या आत पाऊस पडत होता आणि शेजारच्या कड्यात ऊन होतं. आईनं खिडकीला कपाळ टेकवलं ते उतरेपर्यंत काढलं नाही.

एक बेट, एक रिसॉर्ट ही इथली रीत. १९७२ मध्ये कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासूनची. तिचे फायदे आहेत. गर्दी नाही, प्रवाळ राखलं जातं, वाळू स्वच्छ. पण पाहुणा बेटावर आला की चहापासून पॅरासिटामॉलपर्यंत सगळं एकाच दुकानात. नाश्ता माझ्या श्रेणीमुळे मिळत होता. जेवणावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर पर्यटन वस्तू व सेवा कर, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. १०० डॉलरचं जेवण बिलावर जवळजवळ १२९ होतं. शिवाय ग्रीन टॅक्स: जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये माणशी, रात्रीला १२ डॉलर. हे कर देशाचे आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही; ज्या देशाची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड-दोन मीटर वर आहे त्यानं पाहुण्यांकडून पैसे घ्यावेतच. साखळीनं मात्र पॉइंट वजा करण्याआधी ही सगळी बेरीज एका जागी दाखवायला हवी. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांचे १३ प्रकार नावानिशी यादीत घातले. आधी कमी किंमत दाखवून मागाहून आकार जोडत जाणं त्यांतलाच एक.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही बेटाला चक्कर मारायला निघालो. वाळूतल्या व्हिलांच्या रांगेत एकामागून एक दारं बंद होती. ओसरीवर टॉवेल नाहीत, चपला नाहीत, आत दिवा नाही. कोरड्या महिन्यांत 'संपल्या' म्हणून सांगितलेल्या त्याच प्रकारच्या खोल्या, आणि सप्टेंबरातही मोजकेच दिवस मोकळे दाखवलेल्या. हा मोसमच ओस पडण्याचा. मी मोजल्या नाहीत, पण रांग लांब होती. तेव्हा जो संताप आला तो मला आजही योग्यच वाटतो.

स्वागतकक्षात केरळचा एक तरुण होता. आईला तो 'अम्मा' म्हणायचा आणि तिच्यासाठी रोज मासे आमटीसारखे पातळ करून घ्यायचा. त्याच्याशी हिंदीत बोलताना मी सरळच विचारलं. त्यानं आवाज खाली न आणता, जणू रोजची गोष्ट असावी तसं सांगितलं: "मॅडम, पाटी साखळीची आहे. बेट दुसऱ्याचं."

बहुतेक मोठ्या साखळ्यांची हॉटेलं स्वतःच्या मालकीची नसतात. इमारत किंवा बेट दुसऱ्या कंपनीचं. साखळी नाव, आरक्षणाची यंत्रणा आणि सभासद पुरवते, फी घेते. सभासद पॉइंटांवर राहिला की साखळीच्या निधीतून मालकाला त्या रात्रीचे पैसे जातात. हॉटेल जवळजवळ पूर्ण भरलेलं असेल तर त्या दिवसाच्या सरासरी दराच्या आसपास. अर्धंमुर्धं रिकामं असेल तर फार कमी, साफसफाई आणि वीज भागेल अशा बेतानं. म्हणजे मालकाच्या बाजूनं पाहिलं तर ओस मोसमात पॉइंटवाल्याला खोली देण्यात त्याला गोडी नाही, कारण शेवटच्या आठवड्यात एखादं रोखीचं जोडपं येईल ही आशा असते. भरल्या मोसमात द्यायला हरकत नाही, पण तेव्हा रोखीचे उभेच असतात. मग स्टँडर्डच्या व्याख्येत मोजक्या खोल्या ठेवायच्या आणि बाकीच्यांना दिशेची, देखाव्याची, मजल्याची नावं द्यायची. तो मुलगा खोटं बोलत नव्हता आणि मालक कराराबाहेर काही करत होता असंही नाही. करारच असा लिहिलेला आहे की वचन देणारा एक आणि खोली देणारा दुसरा.

आणि पॉइंट तर वाढतच चालले आहेत. ते आता हॉटेलात राहूनच मिळतात असं नाही. साखळ्या ते बँकांना घाऊक विकतात, बँका क्रेडिट कार्डांवर वाटतात. मॅरियट आणि एचडीएफसी बँकेचं असं कार्ड २०२३ मध्ये भारतातही आलं. साखळ्या स्वतःही ते सरळ पैशांना विकतात. मॅरियटच्या योजनेत जगभरात २० कोटींहून जास्त सभासद आहेत. वाळूतले व्हिला त्या प्रमाणात वाढत नाहीत. अशा वेळी पॉइंटाची किंमत उतरणार हे उघड आहे, आणि वर्ष-दोन वर्षं खात्यात हालचाल नसेल तर बऱ्याच साखळ्या ते बादही करतात. अमेरिकेच्या परिवहन खात्यानं सप्टेंबर २०२४ मध्ये चार मोठ्या विमान कंपन्यांकडून त्यांच्या मैलांच्या योजनांबद्दल माहिती मागवली: किंमत कशी उतरते, दर कसे लपतात, कोणते आकार लागतात. ती चौकशी विमान कंपन्यांची होती. हॉटेलं तिच्यात नव्हती.

आमच्या घराजवळच्या रेशन दुकानाबाहेर फलक आहे. कोणतं धान्य, दर काय, साठा किती. तो लावणं दुकानदाराला बंधनकारक आहे, कारण कार्ड लोकांच्या हातात आणि माल त्याच्या कोठारात, ही परिस्थिती असली की माणूस दुकानदाराच्या शब्दावर अवलंबून राहतो, हे कुणीतरी ओळखलं होतं. माझ्या पॉइंटांची परिस्थिती अगदी तीच आहे. मला तेवढाच फलक हवा. या बेटावर स्टँडर्ड खोल्या किती, या तारखेला त्यांतल्या पॉइंटांसाठी किती ठेवल्या, दर काय, आणि तो वाढवायचा असेल तर किती महिने आधी सांगणार.

परतल्यावर साखळीला मी हेच लिहून पाठवलं. बेटाचं नाव, तारखा, 'संपल्या' म्हटलेल्या खोल्यांचा प्रकार, सीप्लेनचा आकार कोणत्या पानावर दिसला नाही, सगळं ऑडिट रिपोर्टमध्ये लिहिते तसं. उत्तर आलं की आपलं म्हणणं संबंधित विभागाकडे पाठवलं आहे. कोणता विभाग, हे विचारणारं दुसरं पत्र गेलं आहे. ज्या मैत्रिणी माझ्यासारख्या कारखान्यांच्या गावांतून फिरतात त्यांनाही मी लिहायला सांगते. एकट्या बाईचं पत्र बाजूला ठेवता येतं, पुष्कळ जणींचं ठेवणं अवघड जातं.

आईला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी त्या केरळच्या मुलानं आम्हाला पाण्यावरच्या एका रिकाम्या व्हिलात नेलं. आई मागच्या शिडीवर बसली आणि खांबावरच्या शिंपल्यांची रेघ बोटानं दाखवून म्हणाली, "इथवर. आमच्याकडे याच्या दुपटीनं चढतं." भरती-ओहोटीतलं अंतर तिथं मीटरभराच्याही आतलंच असतं, म्हणून ती घरं तशी उभी राहू शकतात, हे तिनं पाहताक्षणी ओळखलं.

उरलेले पॉइंट मी साठवून ठेवले नाहीत. डिसेंबरात नागपूरला मावसबहिणीचं लग्न होतं. लग्नसराईमुळे हॉटेलांचे रोख दर चढले होते, पण तिथल्या एका साध्या बिझनेस हॉटेलचा पॉइंटांचा दर अजून खालीच होता. रात्री जागून दोन खोल्या घेतल्या आणि कोल्हापूरहून येणाऱ्या मामा-मामींना आणि काकूला त्या दिल्या. खातं जवळजवळ रिकामं झालं. पुढच्या आठवड्यात रुद्रपूर आहे.